धागा: ‘मागच्यासारखंच करा’ – धंद्यातलं बोलणं पक्कं कधी होतं?

शेड_नंबर_तीन (सोमवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात माझ्या शेडमधले ३८० नग भंगारात गेले. मशीन बिघडलं नव्हतं, माणूस चुकला नव्हता. बोलणं चुकलं होतं. म्हणून हा धागा.

भोसरीत माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन सीएनसी, एक व्हीएमसी (ही संगणकावर चालणारी मशीनं), मी धरून सात माणसं. एका मोठ्या गिऱ्हाइकाला चार वर्षं एक बुश, म्हणजे नळीसारखा भाग, देतोय. ईएन ८ पोलादाचा, बोअर (आतलं भोक) ३२ मिलिमीटर. दर दोन-तीन महिन्यांनी परचेसच्या साहेबांचा फोन यायचा, “चारशे काढा, मागच्यासारखंच.” पीओ, म्हणजे लेखी खरेदी ऑर्डर, मागाहून यायची. चार वर्षांत कधी अडलं नाही.

यंदाही तसाच फोन आला. मी “हो साहेब, आठ दिवसांत देतो” म्हणालो. आमच्याकडच्या ड्रॉइंगवर बोअरच्या मापाला एफ७ ही मर्यादा होती, म्हणजे ३२.०२५ ते ३२.०५०. सेटरने ३२.०३५ च्या आसपास धरून नग काढले. ३८० नगांचं चलन गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या इन्स्पेक्शनमधून फोन, “येऊन बघून जा.” गेलो. टेबलावर ३२ एच७ चं प्लग गेज होतं, म्हणजे भोक तपासायची दांडी. तिची ‘नो-गो’ बाजू आत जायला नको. इन्स्पेक्टरने नो-गो बाजू बोअरच्या तोंडावर नुसती टेकवली आणि ती आपल्या वजनाने आत उतरली. दुसरा नग, तिसरा नग, तेच. चौथा मी स्वतः उचलला.

ड्रॉइंगची रिव्हिजन, म्हणजे आवृत्ती, बदलली होती. ‘बी’ जाऊन ‘सी’. एच७ म्हणजे ३२.००० ते ३२.०२५. नवीन ड्रॉइंग त्यांनी दीड महिना आधी मेलने पाठवलं होतं, पण ते गेलं आमच्याकडून सोडून गेलेल्या मुलाच्या पत्त्यावर. पीओवर ‘रेव्ह सी’ छापलेलं होतं, पण पीओ आली तेव्हा निम्मा माल निघाला होता आणि मी तिच्यावर फक्त नग आणि दर पाहिला. उलटं असतं, बोअर लहान राहिलं असतं, तर होनिंग करून, म्हणजे आतून घासून, सगळे वाचवले असते. मटेरियल काढता येतं, लावता येत नाही.

साहेब भला माणूस आहे. म्हणाले, “मी मागच्यासारखंच म्हणालो ते दर आणि पॅकिंगचं.” मला ते पटतं. ते त्यांच्या मनातलं बोलले, मी माझ्या मनातलं ऐकलं.

आयटीआयत मला मायक्रोमीटर धरायला शिकवला. ऑर्डर कशी ऐकायची हे कुणी शिकवलं नाही. तुम्ही लोक कसं करता? आणि एक खास विचारायचंय. मोठ्या गिऱ्हाइकाला “जरा लेखी द्या” म्हणताना जीभ अडते. विश्वास नाही असं वाटेल, पुढची ऑर्डर दुसऱ्या शेडला जाईल, ही भीती असते. त्यावर काय करायचं?

---

स्वाती_इनवर्ड (सोमवार, रात्री १०.१५)

दादा, वाचून वाईट वाटलं. मी टेबलाच्या त्या बाजूला असते, वेंडर क्वालिटीत, म्हणजे पुरवठादारांचा माल तपासायच्या कामात, बारा वर्षं झाली, म्हणून आधी आमची चूक सांगते. ड्रॉइंग बदललं की जुनं परत मागवायचं, त्यावर ‘रद्द’ शिक्का मारायचा आणि नवीन मिळाल्याचं वेंडरकडून लिहून घ्यायचं, हे आमचं काम आहे. मेल पाठवला म्हणजे कळवलं, असं होत नाही. पोचल्याचं उत्तर येईपर्यंत तो मेल आमच्याच दारात उभा असतो.

आता तुमच्या बाजूचं. शेडसाठी एक कायमचा मेल पत्ता ठेवा. माणसाच्या नावाचा नको, कामाच्या नावाचा. माणूस गेला तरी पत्ता राहतो. आणि तो रोज दोन जणांनी उघडायचा.

मेलचा विषय लिहिताना ‘माहिती हवी’, ‘अर्जंट’, ‘नमस्कार’ असलं काही लिहू नका. मला दिवसाला दीड-दोनशे मेल येतात. विषयातच पीओ नंबर, पार्ट नंबर आणि काय हवंय ते आलं तर मी तो जेवायच्या आधी उघडते. एका मेलमध्ये एकच गोष्ट. रिव्हिजनचा प्रश्न, थकलेलं बिल आणि पॅलेट परत नेण्याची विनंती एकत्र लिहिलीत, तर मी त्यातल्या सोप्यालाच उत्तर देणार आणि उरलेलं राहणार. हे आळसाने होत नाही. माझ्याकडे उत्तर असतं एकाचं, बाकीच्या दोघांसाठी मला दुसऱ्या टेबलावर जावं लागतं.

लेखी मागायची भीती वाटते म्हणता. तुमचं आयएसओ ९००१ आहे का? त्याच्या २०१५ च्या आवृत्तीत सरळ सांगितलंय की गिऱ्हाइकाने मागणी लेखी दिली नसेल, तर ऑर्डर स्वीकारण्याआधी तुम्ही ती त्याच्याकडून पक्की करून घ्यायची. म्हणजे तुम्ही अविश्वास दाखवत नाही, नियम पाळताय. आमच्या ऑडिटरलाही तेच हवं असतं.

---

लाइनक्लिअर (मंगळवार, सकाळी ६.५०)

मी निवृत्त स्टेशन मास्तर. धंदा केला नाही, पण निरोपावर आयुष्य काढलं.

रेल्वेत जुन्या पद्धतीच्या फाटकाला सिग्नलची जोड नसते. मास्तर आणि गेटमन यांच्यात फक्त फोन. मी सांगणार, अमुक गाडी येतेय, फाटक लाव. गेटमन नुसतं “हो” म्हणाला तर ते धरायचं नाही. त्याच्याकडे छापील तक्ता असतो, त्यात क्रम नसलेले आकडे. फाटक लावून झाल्यावर तो त्यातला पुढचा आकडा मला देणार, मी तो मोठ्याने परत म्हणणार, दोघे आपापल्या रजिस्टरात लिहिणार. वापरलेला आकडा खोडायचा. याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. आकडा मिळेपर्यंत फाटक माझ्यासाठी उघडंच.

वीस वर्षं एकाच गेटमनबरोबर काम केलं. त्याच्या मुलीच्या लग्नात मी पंगतीत वाढलं. पण त्याने एकदाही मला आकड्याशिवाय ‘लावलंय’ सांगितलं नाही आणि मी एकदाही ऐकून घेतलं नाही. त्यात अविश्वास कुठे आला? उलट त्यामुळेच दोघांना रात्री झोप लागायची.

आणखी एक. १९७७ च्या २७ मार्चला टेनेरिफला दोन जम्बो विमानं धावपट्टीवर एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. दाट धुकं होतं. एक विमान उड्डाणाला निघालं, तसं त्यांनी रेडिओवर सांगितलं. टॉवरवरून आधी “ओके” आलं आणि पुढे “थांबा, मी सांगेन” असं होतं. त्याच क्षणी दुसऱ्या विमानातूनही बोलणं सुरू झालं, त्या गोंधळात पुढचं नीट ऐकूच आलं नाही. आमच्या प्रशिक्षणात हे एकाने सांगितलं होतं, तेव्हापासून कामाच्या बोलण्यात नुसतं ‘ओके’ मी कधी वापरलं नाही. काय ओके? ऐकलं, समजलं, की मान्य? तिन्ही वेगळी.

---

फराळवाली (मंगळवार, दुपारी २.०५)

काका, किती छान सांगितलंत. मी डोंबिवलीत घरून दिवाळीचा फराळ करते, आता बाहेरगावीही जातो. आमच्याकडे ड्रॉइंग नाही, पण आकडे आणि तारखा आहेत, आणि आपली मराठी त्यात फार फसवते.

‘परवा’ घ्या. झालेला परवाही परवा आणि येणाराही परवाच. “परवा सांगितलं होतं ना?” आणि “परवा न्यायला येते” ही दोन्ही वाक्यं एकाच बाईच्या एकाच फोनमध्ये असतात. ‘आठ दिवसांत’ म्हणजे आठवडा की मोजून आठ? शेडवाले दादा, तुम्हीही तेच म्हणालात बघा. मी आता फोनवरच वार आणि तारीख दोन्ही बोलते. “शनिवार, १८ तारीख.” वार आणि तारीख जुळली नाही की चूक तिथेच सापडते. नुसती तारीख चुकली तर कळत नाही, दोन्ही एकदम चुकीचे आणि तरी जुळणारे असं फार क्वचित होतं.

आकड्यांचं तर विचारू नका. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. फोनवर गाडीचा आवाज असला की ‘एकोण’ तेवढं ऐकू येतं. मागच्या वर्षी एका संस्थेची चकल्यांच्या पाकिटांची ऑर्डर होती, एकोणसत्तर. माझ्या मदतनीस ताईंनी लिहिलं एकोणऐंशी. दहा पाकिटं उरली म्हणून निभावलं, दहा कमी पडली असती तर? २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘सत्तावीस’ला ‘वीस सात’ आलं तेव्हा केवढा वाद झाला. पुस्तकाचं राहू द्या, भाषेची गोडी मलाही हवी, पण ऑर्डर घेताना मी “एकोणसत्तर, सहा-नऊ” असं दोन्ही म्हणते. आणि डब्यांवर चिठ्ठी लावणारा मुलगा उत्तर प्रदेशचा आहे, त्याला तर आकडा लिहूनच देते. त्याचं ‘उनहत्तर’ आणि माझं ‘एकोणसत्तर’ फोनवर कधी जुळायचं नाही.

व्हॉइस नोटवर मी ऑर्डर घेत नाही. ऐकते, आणि खाली टाइप करून पाठवते: बेसन लाडू अडीच किलो (२.५), चिवडा दीड किलो (१.५), शनिवार १८, संध्याकाळी ५ नंतर, पैसे आधी. त्यांचा होकार आला की भट्टी पेटते.

---

सूतपेढी (मंगळवार, रात्री ८.३०)

सगळ्यांचा मान राखून वेगळं मत मांडतो. मी इचलकरंजीचा, तिसरी पिढी सुताच्या धंद्यात. आमच्या आजोबांनी लाखोंचे सौदे फोनवर, दलालाच्या तोंडच्या शब्दावर केले. भाव खाली पडला म्हणून कुणी फिरला तर त्याला बाजारात पुन्हा कुणी माल देत नसे. शब्द हीच सही होती. आज प्रत्येक गोष्टीला मेल आणि स्क्रीनशॉट मागायला लागलो तर माणसं दूर जातात. समोरचा म्हणतो, कोर्टात जायची तयारी चाललीय का? कागदाने धंदा टिकत नाही, माणसाने टिकतो.

---

शेड_नंबर_तीन (मंगळवार, रात्री ९.१५)

सूतपेढी, तुमचं म्हणणं मला आतून कळतं, मीही तसाच वाढलो. पण एक विचारतो. सुताचा सौदा होतो तेव्हा काउंट (सुताची जाडी), भाव, किती बॅगा, किती दिवसांची उधारी, हे सगळं दलाल चोपडीत लिहीत असेलच ना? शब्द पाळणं वेगळं आणि शब्द आठवणं वेगळं. आमचे साहेब शब्दाला पक्के आहेत. ते फिरले नाहीत. आम्ही दोघेही प्रामाणिक होतो आणि तरी ३८० नग गेले. बेइमान माणसासाठी कागद लागतो, असं मी आजवर समजत होतो. मला तो दोन चांगल्या माणसांमध्ये हवा होता.

---

सूतपेढी (मंगळवार, रात्री ९.५०)

हे खरं आहे. चोपडी असायचीच. आणि दलाल संध्याकाळी दोन्हीकडे चिठ्ठी पाठवायचा. आम्ही तिला कागद म्हणत नव्हतो इतकंच. रीत म्हणून यायची, मागावी लागत नसे, म्हणून टोचत नसे.

---

स्वाती_इनवर्ड (मंगळवार, रात्री १०.०५)

सूतपेढी, तुम्ही उत्तरच दिलंत. मागावं लागलं तर टोचतं, आपण होऊन पाठवलं तर टोचत नाही. शेडवाले दादा, “लेखी द्या” म्हणूच नका. तुम्हीच लिहून पाठवा. फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत, अगदी असं:

‘नमस्कार साहेब. आत्ता बोललो त्याप्रमाणे बुश, पार्ट नंबर अमुक, ४०० नग, आमच्याकडची रिव्हिजन बी, बोअर ३२ एफ७, दर मागचाच. शुक्रवार २४ ला माल देतो. उद्या सकाळी मटेरियल कापायला घेतोय, त्याआधी काही बदल असेल तर कळवा.’

यात दोन गोष्टी महत्त्वाच्या. तुम्ही रिव्हिजन आणि बोअर स्वतःहून लिहिलंत, म्हणजे ‘मागच्यासारखंच’ला तोंड फुटलं. मी हा मेसेज वाचला असता तर ‘बी’ पाहून खुर्चीतून उठले असते. आणि ‘मटेरियल कापायला घेतोय’ लिहिल्यामुळे उत्तर कधीपर्यंत हवं हे न सांगता कळतं.

---

नेकारकर (बुधवार, पहाटे १.२०)

श्टुटगार्टजवळ राहतो, इथल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात खरेदी विभागात आहे. गंमत म्हणजे जर्मनसुद्धा आठवड्याला बोलताना ‘आठ दिवस’ म्हणतात आणि पंधरवड्याला ‘चौदा दिवस’. पण कामाच्या कागदावर कुणी दिवस लिहीत नाही, वर्षातला कितवा आठवडा ते लिहितात. ‘माल केडब्ल्यू २३ मध्ये’ म्हणजे तेविसावा आठवडा. सगळ्यांच्या कॅलेंडरवर तो आकडा छापलेला असतो.

स्वातीताईंनी सांगितलेल्या मेसेजला इथे कायद्याचं वजन आहे. दोन व्यापाऱ्यांचं तोंडी ठरलं की एकजण ठरलेल्या गोष्टींचं पत्र पाठवतो. ते ठरलेल्यापासून फार फटकून नसेल आणि दुसऱ्याने लगेच हरकत घेतली नाही, तर त्यातला मजकूर मान्य धरला जातो. म्हणजे गप्प राहणं हेही उत्तर. त्यामुळे इथे असं पत्र आलं की कुणाला राग येत नाही, पण वाचायचं मात्र कुणी टाळत नाही. मी नवीन होतो तेव्हा एका पुरवठादाराचं असं पत्र न वाचता फाइल केलं. आमच्या साहेबांनी शांतपणे विचारलं, “हे तुम्ही मान्य केलंय का?” तेव्हापासून आधी वाचतो, मग चहा.

---

खतावणी (बुधवार, सकाळी ११.३०)

सीए आहे, छोट्या कारखान्यांचं काम करतो. भारतातलं थोडं सांगतो, कारण इथेही लिहिण्याचा थेट पैशाशी संबंध आहे.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यात सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला पैसे कधी द्यायचे ते ठरवून दिलंय. लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत, पण ती कितीही लिहिली तरी जास्तीत जास्त ४५ दिवस. लेखी काहीच नसेल तर १५ दिवसांत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आधी केलेली हवी.

या कायद्यातली एक ओळ माझ्या बहुतेक अशिलांना माहीत नसते. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत गिऱ्हाइकाने लेखी हरकत घेतली नाही, तर माल मिळाला त्याच दिवशी तो स्वीकारला असं धरलं जातं. तोंडी ‘माल बरोबर नाही’ म्हणून तीन महिने बिल अडवणाऱ्यांना हे सांगावं. दादा, तुमच्या बाबतीत हरकत दुसऱ्याच दिवशी आली, त्यामुळे तुम्हाला याचा उपयोग नाही. बाकीच्यांना होईल.

२०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात ४३बी मध्ये ‘एच’ हे कलम आलं. अशा छोट्या उत्पादकाचे पैसे त्या मुदतीत दिले नाहीत, तर गिऱ्हाइकाला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी धरता येतो. म्हणून आपल्या बिलावर उद्यम नंबर ठळक छापा. हा पण एक निरोपच आहे, न बोलता दिलेला.

मेलवरचं बोलणं करार ठरतं का? ठरू शकतं. त्रायमेक्स विरुद्ध वेदांत ॲल्युमिनियम या २०१० च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मेलवर झालेली देवाणघेवाण करार म्हणून मानली, औपचारिक कागदावर सह्या व्हायच्या बाकी असतानासुद्धा. व्हॉट्सॲपचा मजकूर पुरावा म्हणून द्यायचा तर त्यासोबत प्रमाणपत्र लागतं, म्हणून चॅट पुसू नका आणि फोन बदलताना जपा.

वसुलीच्या फोनबद्दलही लिहितो, तिथे माणसं फार चुकतात. “साहेब, पेमेंटचं बघा ना” याला “बघतो” एवढंच उत्तर असतं, आणि ‘बघतो’चा अर्थ आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापेक्षा स्टोअरला फोन करून विचारा, “अमुक चलनाचा जीआरएन झाला का?” जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची स्टोअरची नोंद, निम्म्या वेळा तीच झालेली नसते. जीआरएन नाही म्हणून बिल बुक नाही, बिल बुक नाही म्हणून अकाउंट्सच्या यादीत तुमचं नावच नाही, आणि तुम्ही महिनाभर परचेसला फोन करताय, ज्यांच्या हातात काहीच नाही. जीआरएन झाला असेल तर अकाउंट्सला: बिल नंबर, तारीख, रक्कम, देय तारीख. आणि एकच प्रश्न, “कुठल्या तारखेच्या यादीत आहे?” ‘कधी’ विचारलं की ‘लवकरच’ येतं.

---

कलमांची_बाग (बुधवार, दुपारी ४.१०)

देवगडजवळ आमची हापूसची कलमं आहेत. वडील सांगायचे, पूर्वी फळबाजारात आडत्या आणि खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायचे. आंबा आमचा, पेटी आमची, आम्ही शेजारी उभे, आणि भाव दोघांच्या बोटांत. रुमाल बाजूला झाला की आडत्या आकडा सांगणार, तो आपण घ्यायचा. वडिलांना एकदा फार लागलं होतं ते. म्हणायचे, फसवलं असेल असं नाही, पण मला दाखवलं नाही.

पुढे ज्या आडत्याकडे आम्ही टिकलो तो पट्टी त्याच रात्री पाठवायचा. किती पेट्या, कुठल्या भावाने, हमाली किती, तोलाई, वाराई, मोटारभाडं किती, सगळं खुलं. भाव पडलेल्या दिवशी तर पट्टीच्या आधी त्याचा फोन यायचा, “आज बाजार मोडलाय, उद्याच्या गाडीला कमी लादा.” त्याचा भाव इतरांपेक्षा जास्त होता असं नाही. पण वाईट बातमी तो स्वतः सांगायचा.

---

स्वाती_इनवर्ड (बुधवार, रात्री ९.००)

कलमांची बाग, तुमची शेवटची ओळ मला फार महत्त्वाची वाटते. आमच्याकडे रोजचं दुखणं हेच आहे. माल गुरुवारी यायचा असतो. मी बुधवारी फोन करते, “निघालाय मॅडम.” गुरुवारी दुपारी, “गाडी ट्रॅफिकमध्ये आहे.” संध्याकाळी कळतं, हीट ट्रीटमेंटवरून माल आलेलाच नाही. सोमवारी सांगितलं असतं तर मी लाइनचा क्रम बदलला असता, दुसरा पार्ट आधी लावला असता, कुणाला कळलंही नसतं. गुरुवारी संध्याकाळी माझ्या हातात काहीच उरत नाही. सोमवारी फोन करणाऱ्या वेंडरवर मी कधी चिडलेले नाही, हे मनापासून सांगते. मला उशिराची भीती नाही, उशिरा कळण्याची आहे.

फोन करताना लांबण लावू नका. आधी बातमी: “गुरुवारी ४०० ऐवजी १५० देऊ शकतो, उरलेले सोमवारी.” मग कारण, एका वाक्यात. बहुतेकजण उलट करतात. भट्टी बंद, लाइट गेली, माणूस गावाला गेला, पाच मिनिटं कारणं आणि शेवटी हळूच बातमी. तोवर माझं अर्धं लक्ष दुसऱ्या फोनवर गेलेलं असतं.

---

नवा_गाळा (गुरुवार, सकाळी १०.४५)

खूप शिकायला मिळतंय. पण माझी अडचण वेगळी आहे. चिखलीत फॅब्रिकेशनचं काम नुकतंच सुरू केलंय. मला इंग्रजी लिहिता येत नाही. गिऱ्हाइकाचे मेल इंग्रजीत येतात. मी उत्तरच देत नाही, फोन करतो. चुकीचं लिहिलं तर हसतील असं वाटतं.

---

खतावणी (गुरुवार, दुपारी १२.२०)

मित्रा, मराठीत लिही. मनातला हा काटा आधी काढून टाक. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात करार अमुकच भाषेत हवा असं कुठेही नाही. पार्ट नंबर, नग, माप, तारीख, रक्कम, हे आकडे सगळ्या भाषांत सारखेच असतात, आणि तुझ्या मेलमध्ये मोलाचं तेच आहे. समोरचा मराठी नसेल तर हिंदीत लिही. मोडक्या इंग्रजीत ‘आय विल डू द नीडफुल’ लिहिण्यापेक्षा ‘गेटची उंची ७ फूट, रुंदी १० फूट, रंग गिलाव्यानंतर’ हे लाख पटीने स्पष्ट आहे. आणि मोजमाप फूट की मिलिमीटर ते प्रत्येक आकड्याला लाव. १९९९ मध्ये नासाचं मंगळाभोवती फिरायला निघालेलं यान अशानेच गेलं, एका गटाचे आकडे पौंडात आणि दुसऱ्याने ते न्यूटनमधले समजून वापरले. तिथली माणसं आपल्यापेक्षा कमी शिकलेली नव्हती.

---

लाइनक्लिअर (गुरुवार, संध्याकाळी ५.३०)

नवा गाळा, आमच्या गेटमनला सहीपुरतं लिहिता यायचं. आकडा मात्र त्याने कधी चुकवला नाही. तू लिहायला लाग.

---

शेड_नंबर_तीन (तीन आठवड्यांनंतर, शनिवार, रात्री ८.५०)

मंडळी, काय झालं ते सांगायला आलोय.

शेडसाठी एक मेल पत्ता केला, सगळ्या गिऱ्हाइकांना कळवला. आठ जणांना लिहिलं, पाच जणांचं उत्तर आलं, उरलेल्या तिघांना फोन करून त्यांच्या सिस्टीममध्ये जुना पत्ता बदलून घेतला. जुनी ड्रॉइंग काढून प्रत्येकाकडून आताची रिव्हिजन विचारली. आणखी एका पार्टची बदललेली निघाली. नशीब, त्याची ऑर्डर चालू नव्हती.

मशीनवरचे दोघे बिहारचे आहेत. सकाळी सेटिंगच्या आधी त्यांना मी माप सांगायचो आणि “समझ गये?” विचारायचो, ते “हाँ भैया” म्हणायचे. लाइनक्लिअर काकांचं वाचल्यापासून ते विचारणं बंद केलं. आता त्यांना म्हणतो, “तू बता, बोअर कितना?” पहिल्या दिवशी दोघे लाजले. परवा, म्हणजे गुरुवारी, त्यातला धाकटा म्हणाला, “भैया, ड्रॉइंग पे बत्तीस है, आपने तैंतीस बोला.” मीच चुकलो होतो. मशीन अजून सुरू व्हायचं होतं.

आणि ते साहेब. काल फोन आला, “३०० काढा, मागच्यासारखंच.” मी हो म्हणालो आणि फोन ठेवून स्वातीताईंनी दिला तसा मेसेज टाइप केला. ३०० नग, रेव्ह सी, बोअर ३२ एच७, दर मागचाच, बुधवार २९ ला माल, सोमवारी सकाळी मटेरियल कापतोय. पाठवायचं बटण दाबताना हात जरा थांबला होता, खोटं कशाला सांगू. वीस मिनिटांनी उत्तर आलं: ‘रेव्ह सी बरोबर. १०० बुधवारी द्या, २०० पुढच्या महिन्यात चालतील. बरं झालं लिहिलंत.’